सुनेला पाण्याला पाठवलं होतं

माणूस गेल्याचं एखादा फॉर्म भरताना कळावं, याची मला अजून लाज वाटते. मंडणगडकडच्या त्या काकी वारल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि मला त्याची खबर नव्हती. ज्या बाईच्या बोलण्यावर माझा प्रबंध उभा राहिला, त्या प्रबंधावर माझी कॉलेजातली नोकरी उभी राहिली, तिच्या दिवसकार्याला मी नव्हते. मला कुणी सांगितलं नाही, असं स्वतःशी म्हणून बघितलं. पण सांगणार कोण? मुलाखत झाली, प्रबंध झाला, आणि त्या गावाकडे मी पुन्हा वळून पाहिलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी वर्गात पोरांना सोदाहरण समजावून सांगत असे.

त्याचं झालं असं की मुंबईहून एका मुलीचा फोन आला. ती कुठल्याशा संस्थेत संशोधन करते. जुन्या अभ्यासकांनी घेतलेल्या मुलाखती गोळा करून एके ठिकाणी जपून ठेवायच्या, म्हणजे नव्या अभ्यासकांना त्या पुन्हा वापरता येतील, असं त्यांचं काम. माझा प्रबंध तिने वाचला होता. असं माणूस मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे मी जरा विरघळलेच.

"मॅडम, तुमचा डेटा अजून आहे का?" तिने विचारलं.

डेटा! रत्नागिरीच्या आमच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात कॅसेटी, त्यांच्याबरोबर डांबराच्या गोळ्या, आणि एक सुतळीने बांधलेला टंकलिखित कागदांचा गठ्ठा. त्याला म्हणे डेटा. मी म्हटलं, "आहे. बुरशी लागली नसली तर आहे."

"आम्हाला तो रियूज करायचाय."

शिळ्या भाताला फोडणी देतात तसं काहीतरी, असं माझ्या मनात आलं. पण बोलले नाही. फोडणीचा भात मला आवडतो.

मी त्या काळी विचारत फिरले होते ते वेगळंच. घरातला पुरुष मुंबईला असला की गावातलं घर कोण चालवतं, हा माझा विषय. शेत कुणी लावायचं ते कोण ठरवतं, पावसाआधी कौलं परतायला माणूस कोण बोलावतं, पोरीचं स्थळ कोण बघतं. या मुलीला पाहिजे होतं ते गावात राहिलेल्या बायकांचं एकटेपण. मी म्हटलं, "अगं, एकटेपणाबद्दल मी कुणाला एका शब्दानं विचारलेलं नाही." तर ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही म्हणूनच त्यात ते जास्त खरं आलं असेल, मॅडम." पोरगी हुशार होती. मला थोडा रागच आला.

कॅसेटी एका ओळखीच्या दुकानदाराने मोबाइलवर उतरवून दिल्या. बहुतेक ठीक निघाल्या. मंडणगडच्या काकींची तर अगदी स्वच्छ. मी ती ऐकली. ऐकली म्हणजे काय, इथे थोडी, तिथे थोडी, आवाज नीट आलाय की नाही एवढं तपासलं. काय बोलल्यात ते मला पाठ होतं, किमान असा माझा समज होता.

काकी म्हणजे ठेंगणी, काटक बाई. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो लवकर गेला. मग मुलगाही मुंबईला. घर, शेत, गुरं सगळं काकींच्या अंगावर. मी गेले तेव्हा मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि घरात विशीची सून होती. मुलगा अर्थातच मुंबईत. भातकापणी संपली होती, खळ्यात म्हणजे पुढच्या अंगणात पेंढ्यांची उडवी रचलेली, सारवणाचा ओला वास येत होता. काकींनी मला आत माजघरात बसवलं आणि सुनेला पाण्याला पाठवलं. विहीर खाली पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी. उतार उतरून जायचं आणि भरला हंडा घेऊन चढून यायचं.

मग काकी बोलल्या. शेतावरून सुरुवात झाली आणि कुठून कशी कोण जाणे, गाडी मुलावर आली. मुलाचं मुंबईत दुसरं घर होतं. दुसरं म्हणजे पहिलंच म्हणायचं, कारण ती बाई लग्नाच्या आधीपासूनची. काकींना ते ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी ही मुलगी सून करून आणली. त्यांनी मला बजावलं होतं की हे घरात कुणाच्या कानावर जाता कामा नये. माझ्या डोक्यात ते तसंच कोरलेलं राहिलं: घरात कुणाला नाही. प्रबंधात मी गावाचं नाव घातलं नाही, काकींचं नाव घातलं नाही, वय मागेपुढे केलं. या एका बाबतीत मी स्वतःवर खूश होते. शब्द पाळला होता.

आणि आता त्या मुंबईच्या मुलीने फॉर्म पाठवला. मुलाखत पुन्हा वापरायची तर बोलणाऱ्याची नव्याने परवानगी हवी. मी तेव्हा घेतली होती ती माझ्या प्रबंधापुरती. बोलणारी व्यक्ती हयात नसेल तर घरातल्या जबाबदार माणसाची सही हवी. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण तो करणाऱ्याने असं धरून चाललं होतं की माणूस परक्यापासून लपवतं आणि घरच्यांना सांगतं. आमच्याकडे उलटं आहे. टेप घेऊन आलेल्या अनोळखी बाईला सांगून टाकायचं आणि घरच्यांपुढे मूग गिळून बसायचं. काकींना जगाची भीती नव्हतीच. भीती होती ती चार भिंतींतल्या माणसांची, आणि नेमकी त्यांचीच सही आणायची होती.

मंडणगडला शिक्षक असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी चौकशी करायला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणाला, "मॅडम, त्या आजी वारल्या. दोन वर्षं झाली. सून असते घरात, एकटीच."

रत्नागिरीहून मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एसटीत बसून मी मनाशी ठरवत गेले, सुनेला, म्हणजे वहिनींना, मोघम सांगायचं. सासूबाईंची शेतीभातीबद्दल मुलाखत घेतली होती, ती संग्रहात ठेवायचीय, इथे सही करा. खोटं काही नाही. फक्त सगळं खरं नाही. मास्तरकीत आयुष्य घालवलेल्या माणसाला मोघम बोलणं चांगलं जमतं.

घर जागच्या जागी होतं, पण बदललेलं. कुडाच्या भिंती जाऊन जांभ्या चिऱ्याच्या झाल्या होत्या, वर निळा रंग. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप. आता तो गावात शोधूनही मिळायचा नाही. वहिनी खळ्यात सुकट निवडत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, केस वयाआधीच पांढरे झालेले. मला बघून उठल्या, पदर सारखा केला आणि क्षणभर बघत राहिल्या.

"तुमी त्या टेपवाल्या ताय ना?"

मी चाट पडले. मला तर त्यांचा चेहरा आठवत नव्हता. मुलाखतीच्या दिवशी त्या माझ्या हिशेबात कुणी नव्हत्याच, पाण्याला गेलेली सून एवढीच त्यांची नोंद.

गुळाचा खडा आणि पाणी झालं. काकी कशा गेल्या ते झालं. वर्षभर अंथरुणाला होत्या, शेवटी शेवटी वाचा गेली होती. लेक सावर्ड्याला दिलीय, जावई चांगला आहे. आणि मुलगा?

"ते मुंबयलाच असतात," वहिनी म्हणाल्या. "आता गनपतीलापन येत नायत." सुकटातला खडा बाजूला काढावा तसं त्यांनी ते बोलून टाकलं.

मी माझं पाठ केलेलं मोघम भाषण सुरू केलं. शेती, संग्रह, पुढच्या पिढ्या, बायकांचं योगदान. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. माझं सगळं झाल्यावर म्हणाल्या, "ताय, त्यात काय हाय ता मना ठाव हाय."

"काकींनी सांगितलं तुम्हाला?"

"त्या कशा सांगतील? मी ऐकलाय. मना पान्याला पाठवलानी, पन मी गेलीच नाय. हंडा काखंत घेवन मागल्या पडवीत उबी व्हती. टेपवाली बाय आलीय, काय बोलतायत बगूया म्हटला." त्यांनी निळ्या भिंतीकडे हात केला. "हितं कूड व्हता. कुडातना शेळीचा उसासापन ऐकू यायचा."

 बावीस वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते पहिल्या दिवसापासून उघडं होतं. मी राखण करत होते ती रिकाम्या घराची.

"मग?" मी कसंबसं विचारलं. "तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हननार? चोरून ऐकलाय असा सांगू? आनि जाव कुटं? म्हायेरला तीन भयनी लग्नाच्या." वहिनी थोडा वेळ सुकटात बोटं फिरवत राहिल्या. "मना एकच व्हता मनात. आई कदीतरी मना समोर बसवतील नि बोलतील. चुकी केली, इतकाच. मी भांडली नसती, ताय. इतक्यावर भागला असता माजा. पन नाय बोलल्या. घरात आमी दोगीच, चूल एक, तरी नाय बोलल्या. मना वाटायचा, तुमाला सांगितलानी नि मोकळ्या झाल्या. तुमी आला नसतात तर कदाचित मनाच सांगितला असतानी."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की मुलाखत घेताना आपण माणसाकडून माहिती घेतो. आपण त्याच्याकडून आणखी काय उचलून नेतो, ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही शिकवलं नाही. काकींच्या तोंडची माफी घेऊन मी रत्नागिरीला गेले, ती टंकून काढली आणि तिच्यावर प्रकरण लिहिलं. जिची होती ती चुलीपुढे बसून राहिली. मला त्या खळ्यातून उठून निघून जावंसं वाटलं.

"आनि पुडचा तर मी ऐकलाच नाय," वहिनी म्हणाल्या.

"पुढचं म्हणजे?"

"आई म्हनाल्या, तिची काय चुकी नाय, तिला मी… नि तुमचा टेप टक् करून वाजला. मना वाटला तुमी उठलात. मी घाबरली नि पडवीतल्याच चुलीपाशी पळाली, फुकनी घेवन जाळ करत बसली. तिला मी काय? तिला मी सांगेन? तिला मी म्हायेरला धाडीन? काय म्हनाल्या व्हत्या पुडं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या टेपात असेल ना ता? सही मी करीन, ताय. पन मना तेवडा ऐकवा."

मला आठवेना. गठ्ठ्यातलं ते पान मात्र डोळ्यांसमोर आलं. काकींचं बोलणं, आणि मग कंसात 'खंड', आणि मग एकदम पुढचा प्रश्न. पुण्याचे आमचे मार्गदर्शक म्हणायचे, विषयाला धरून लिहा, चहापाणी, हाका, गुरांचे आवाज असलं काही उतरवत बसू नका. मी आज्ञाधारक. जे बिनकामाचं वाटलं ते गाळून कंसात 'खंड' लिहीत असे. त्या कंसात काय गेलं ते मलाच माहीत नव्हतं.

आम्ही आत माजघरात जाऊन बसलो, जिथे तेव्हा बसलो होतो तिथेच. मी मोबाइल दोघींच्या मध्ये चटईवर ठेवला आणि सुरू केला.

आधी कोंबडा ओरडला. मग काकींचा आवाज. "गो, पानी घेवन ये. दोन खेपा कर."

वहिनी हसल्या. "दोन खेपा," त्या म्हणाल्या. दोन खेपा म्हणजे दुपारच व्हायची. मग त्या एकदम गंभीर झाल्या, आणि मला जाणवलं की मेलेल्या माणसाचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकतायत. त्यांच्याकडे काकींचा एक फोटो होता, आधारकार्डावरून मोठा केलेला. आवाज कुठेच नव्हता.

शेती झाली, गुरं झाली. मग काकी म्हणाल्या, "हे बग बाय, ह्या माज्या पोराच्या कानावर जाता नये. बाकी कुनाला सांगायचा तर सांग. जगाला सांग."

मी दचकले. पोराच्या. घरात कुणाच्या नाही, पोराच्या. इतकी वर्षं मी जे शब्द पाळत होते ते काकींचे नव्हतेच, माझे होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचं लक्ष मोबाइलवर होतं.

"त्यान मुंबयला दुसरा घर केलान हाय. ता मना लग्नाच्या आदी ठाव व्हता. तरी मी ह्या पोरीला आनली. म्हटला, लगीन झाला की येईल वळनावर. नाय आला. आता ती बसलीय वाट बगत. मी माज्या घोवाची वाट बगितली, मना ठाव हाय ती काय असते, नि तीच मी तिच्या गळ्यात घातली. चुकी माजी हाय, बाय. तिची काय चुकी नाय. तिला मी…"

टक्.

थोडी खरखर. वहिनी मोबाइलकडे वाकल्या. मला तेव्हाचं आता लख्ख दिसत होतं: मी "थांबा हं काकी, कॅसेट उलटते" म्हटलं, झाकण उघडलं, कॅसेट हातातून निसटली, मी ती चटईवरून उचलून फुंकर मारून परत घातली. तेवढ्या वेळात काकी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून होत्या. ज्यांनी कॅसेटीवर मुलाखती घेतल्या त्यांना हे ठाऊक असेल. माणूस नेमका बोलता होतो आणि बाजू संपते.

दुसरी बाजू सुरू झाली. माझा तेव्हाचा उत्साही आवाज: "हं काकी, बोला."

"कुटं व्हतो आपन?"

"सुनेबद्दल सांगत होतात."

मग बराच वेळ काही नाही. लांबून गुरांच्या घंटा. मग काकी म्हणाल्या, "ऱ्हावदे."

एवढंच. वहिनींचा चेहरा मला बघवेना. बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली त्याच्या जागी 'ऱ्हावदे'. मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात काकींचा आवाज पुन्हा आला, हाक मारल्यासारखा मोठा नाही, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा. "गो, चाय टाक आता. तिगींचा टाक. तूपन घे."

आणि लगेच, थोडा लांबून, एका कोवळ्या पोरीचा आवाज. "टाकतंय, आई."

पुढे माझा प्रश्न सुरू झाला, कौलं परतायला माणूस कोण बोलावतं. वहिनींनी माझा हात धरला. "परत लावा."

मी परत लावलं. गो, चाय टाक आता. टाकतंय, आई.

"ही मी," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"पन मी तर पान्याला गेल्याली."

त्या काय म्हणतायत ते कळायला मला वेळ लागला. वहिनींना लागला नाही. त्यांना दोन खेपांना पाठवलं होतं. त्या पऱ्यावर असायला हव्या होत्या. आणि काकींनी हाक मारली ती खळ्याकडे तोंड करून नाही, ओरडून नाही. मागच्या कुडाशी, हळू, जशी तिथे असलेल्या माणसाला मारतात तशी.

"त्यांना ठाव व्हता," वहिनी म्हणाल्या. "मी हाय ता."

लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. सासू टोमणा मारते लेकीला, आणि लागायचा असतो तो सुनेला. आमच्याकडे घरोघर ही रीत. रागाचं बोलायचं तर आडून, शहाणपणाचं सांगायचं तर आडून. माफीसुद्धा कुणी आडून मागत असेल हे मला कधी सुचलं नाही. काकींना लेक नव्हती. त्या दिवशी ती जागा मला मिळाली होती, आणि मला वाटत होतं की त्या माझ्याशी बोलतायत. मी गावात आयुष्य काढलेल्या बायकांवर प्रबंध लिहिला आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्या कानांवरून गेली. गेली म्हणजे काय, मी ती स्वतःच्या हाताने गाळली.

वहिनी उठून मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चिरा तो, त्यातून काय ऐकू येणार.

"त्या दिशी मना पयल्यांदा माजघरात बसवलानी चायला," त्या म्हणाल्या. "एरवी मी चुलीपाशी प्यायची. मना वाटला, तुमच्यासमोर बरा दिसायला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नि दुसऱ्या दिसापासना सकाळचा पानी त्याच भरायला लागल्या. गुडगे जाईपत्तर त्याच भरायच्या. मी म्हनायची, आई मी जातंय, तर ऐकायच्या नायत. मना वाटायचा, ही पान्याला म्हनून जाते नि उबी ऱ्हाते, म्हनून विश्वास नाय माज्यावर."

  दोन बायका एका घरात. एक वाट बघत होती सासू तोंडावर बोलेल म्हणून. दुसरी बोलून चुकली होती आणि वाट बघत होती, ही काही उलट म्हणेल, रागावेल, रडेल. मधे मी, माझी कॅसेट, आणि माझा कंस. माझ्याकडे ही हाक बिस्किटांच्या डब्यात पडून होती. काकी असताना कुठल्याही वर्षी मी ती घेऊन या घरी आले असते, नुसती भेटायला म्हणून आले असते, तरी झालं असतं. दोन वर्षांनी उशीर झाला असं म्हणायचीही सोय नव्हती. वीस वर्षं मी आलेच नव्हते.

फॉर्मचा विषय मी काढला नसता. वहिनींनीच काढला. "कुटं सही करायची?"

"राहू द्या, वहिनी. हे तुमचं आहे. बाहेर कशाला द्यायचं?"

"का? आई काय म्हनाल्या? जगाला सांग म्हनाल्या ना?"

"पण मुलाच्या कानावर…"

"तो कशाला ऐकायला बसतोय!" वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. मग त्यांनी पेन घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर जोडत सही केली. कागद देताना म्हणाल्या, "पन एक करा. ता चायचा काडू नका. ता ऱ्हावद्या त्यात."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाची किंमत आता मला कळली होती, तरी दिला. काकींचं सगळं बोलणं मी वहिनींच्या मोबाइलवर पाठवलं, ते कसं लावायचं ते दाखवलं. त्यांनी ते दोनदा स्वतः लावून बघितलं.

रत्नागिरीला आल्यावर मी तो गठ्ठा सोडला. पान काढलं, 'खंड' खोडला आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं. काकी (सुनेला, हळू): गो, चाय टाक आता. तिगींचा टाक. तूपन घे. सून (मागच्या पडवीतून): टाकतंय, आई. मग ती पानं त्या मुलीला पाठवली. तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, हा चहाचा भाग वगळला तर चालेल का? विषयाशी तसा संबंध नाही." मी तिला रागावले नाही. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो भाग तिने ठेवला.

पण निघताना वहिनी जे म्हणाल्या ते मी तिला सांगितलं नाही. त्या मला खळ्याच्या टोकापर्यंत पोचवायला आल्या होत्या, रस्त्याला रिक्षा उभी होती. ते कुठल्याच कॅसेटवर नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

"शेवटाच्या दिसांत आई नुसत्या माज्याकडं बगत ऱ्हायच्या, ताय. तोंड उगडायच्या नि मिटायच्या. मना वाटायचा, तान लागलीय. मी चमच्यान पानी पाजायची."